केन्याटा : एका नांवाचा इतिहास

मनुष्याचें नांव ही त्याच्या मालकीची वस्तु, असें आपण सहज समजतों. परंतु पराधीन देशांत हें नेहमींच खरें नसतें. तेथें नांव एकाचें असतें, आणि तें कसें लिहावें व कसें उच्चारावें हें ठरविणारा दुसराच असतो. पूर्व आफ्रिकेंतील जोमो केन्याटा यांच्या नांवाचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

या पुरुषाचें मूळचें नांव कामाऊ. बाप लहानपणींच वारल्यामुळें चुलत्यानें सांभाळ केला, म्हणून 'कामाऊ वा न्गेंगी', म्हणजे न्गेंगीचा कामाऊ. किकुयू लोकांत पिढीजात आडनांवाची चाल नव्हती. 'वा' या एका अक्षरानें पितृसंबंध दाखविला कीं काम भागे. १९१४ सालीं स्कॉटिश मिशनांत बाप्तिस्मा झाला, तेव्हां ते 'जॉन्स्टन कामाऊ' झाले. पुढें नैरोबी नगरपालिकेच्या पाणीखात्यांत नोकरीस असतांना ते कमरेस मण्यांचा पट्टा बांधीत. त्या पट्ट्यास 'किन्याटा' म्हणत. त्यावरून केन्याटा हें नांव आलें. १९३८ सालीं 'फेसिंग मौंट केन्या' हा त्यांचा ग्रंथ लंडनांत प्रसिद्ध झाला, तेव्हां मिशनानें दिलेला 'जॉन्स्टन' गळून त्याच्या जागीं 'जोमो' आला होता. इंग्रजी वाचक ज्यास वडिलोपार्जित आडनांव समजत, तें अशा रीतीनें त्यांनीं स्वतः पत्करलेलें एक भूषण होतें.

आतां उच्चाराविषयीं. क्राफ नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें १८४९ सालीं तेथील हिमाच्छादित पर्वत पाहिला, आणि कांबा लोकांच्या तोंडून ऐकलेलें त्याचें नांव यूरोपास कळविलें. १९२० सालीं सबंध वसाहतीसच तें नांव मिळालें. इंग्रज मात्र त्याचा उच्चार 'कीन्या' असा करीत. हा उच्चार अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. किकुयू भाषेंत या पर्वतास किरिन्यागा म्हणतात, आणि त्यांतील पहिला स्वर आपल्या इ व ए यांच्या दरम्यानचा आहे. केवळ व्याकरणानें हा वाद मिटण्यासारखा नव्हता; तो राजकारणानें मिटला. १९५२ सालीं केन्याटा यांस अटक झाली व १९५३ सालीं सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यांत आली. तेच १२ डिसेंबर १९६३ रोजीं स्वतंत्र देशाचे पंतप्रधान म्हणून उभे राहिले. देशाचें नांव आणि पुढाऱ्याचें नांव एकाच ध्वनीनें सुरू होत होतें. दोन्हीकडे 'के' हाच उच्चार मान्य झाला. जुन्या वसाहतवाल्यांच्या तोंडीं 'कीन्या' पुढेंही राहिला, आणि बोलणारा कोणत्या काळांत वावरतो हें एका स्वरावरून कळूं लागलें.

इंग्रजी वृत्तपत्रें त्यांस आडनांवानें ओळखीत. देशांतील लोक 'म्झे', म्हणजे वडीलधारे, असें म्हणत. पट्ट्यावरून आलेलें तें नांव मात्र पुढच्या पिढीस खरेंच आडनांव झालें. त्यांचे पुत्र उहुरू केन्याटा हे २०१३ ते २०२२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. 'उहुरू' या स्वाहिली शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य.

हा विषय आपणांस परका नाहीं. इंग्रजांच्या लेखणीनें शिंद्यांचें 'सिंदिया' केलें, आणि पुढें त्या घराण्यानेंही तें पत्करिलें. असें असूनही आपण मराठींत 'केनिया' असें लिहितों, तें इंग्रजी अक्षरें वाचून. कन्या, धन्य, सैन्य हे शब्द नित्य लिहिणाऱ्यांस 'न्य' या जोडाक्षराची अडचण कशाची? आमच्या मतें, नांवाचा उच्चार ठरविण्याचा अधिकार तें धारण करणाराचा आहे. तो ज्या लोकांनीं इतक्या कष्टानें परत मिळविला, त्यांचें नांव आपण लंडनच्या वाटेनें न आणतां सरळ नैरोबीहून आणावें, हें उचित होय.