आशय-वर्गीकरण, कंपनी पोर्टलवरील

कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवरील परिपत्रके, नियमावल्या, अर्ज व अहवाल ठरावीक निकषांनुसार गटांत लावून शोधसुलभ करण्याची पद्धत.

मूळ : पद्धतीचा पाया ग्रंथालयशास्त्रात आहे (→ ग्रंथालय वर्गीकरण). मेल्व्हिल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत (१८७६) विषयांची उतरंड होती, शि. रा. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीने (१९३३) विषयाचे पैलू स्वतंत्र मांडले. १९९५ मध्ये ओहायओतील डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ हा मेटाडेटा-संच आकारास आला. त्यात १५ मूलघटक आहेत (→ मेटाडेटा).

वैशिष्ट्ये : श्रेणीबद्ध रचना, पैलू आणि नियंत्रित शब्दसंग्रह ही प्रमुख अंगे. रजेच्या अर्जाची एकच फाइल प्रकार (अर्ज), विभाग (मनुष्यबळ), कार्यालय (पुणे) व वर्ष अशा प्रत्येक पैलूतून सापडते. ‘सुट्टी’ हा पर्यायी शब्द ‘रजा’ या मान्य संज्ञेशी जोडला जातो. गट ठरवण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून विषयांची कार्डे लावून घेतात.

महत्त्व : नोंदींची पुनरुक्ती टळते, चालू आवृत्ती, वाचनाधिकार व जतनाची मुदत निश्चित करता येते (→ अभिलेख व्यवस्थापन). शब्दसंग्रहरचनेसाठी आयएसओ २५९६४ हे आंतरराष्ट्रीय मानक दोन भागांत (२०११, २०१३) प्रसिद्ध झाले आहे.