मुंबईची मिठाई : एक न लिहिलेला इतिहास

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु शहराचा इतिहास केवळ दफ्तरखान्यात असतो असे नाही. तो बाजारातही असतो. मुंबई हे तर बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलेले शहर. येथे मिठाईवाल्याची परात आणि बेकरीची भट्टी हीसुद्धा इतिहासाची साधनेच होत. त्यांचाच थोडक्यात परामर्श या लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. हलवा हा शब्द अरबी. बर्फी फारसीतील 'बर्फ' या शब्दावरून आली. गुलाबजामातील 'गुलाब' म्हणजे गुल आणि आब, फूल आणि पाणी. आज मराठी घरात सण असो वा बारसे, हे शब्द परके आहेत असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जिलेबीची हकिगत तर याहून मनोरंजक आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या पाकग्रंथात 'जुलाबिया' आढळते. आपल्याकडे इ. स. १४५० च्या सुमारास एका जैन ग्रंथातील मेजवानीत जिलेबीचा उल्लेख येतो, आणि सतराव्या शतकातील रघुनाथाच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथातही ती आहे. हा सारा माग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखिते चाळून काढला आणि १९४३ साली प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या पंडिताला जिलेबीचा इतिहास लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.

आता भट्टीकडे वळू. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. १५३४ पासून १६६५ पर्यंत मुंबईची बेटे त्यांच्या ताब्यात होती. पुढे गोव्याचे पोदेर पाव भाजण्याचा हुन्नर घेऊन या शहरात आले; जुन्या काळी ते पीठ फुगवण्यासाठी माडी वापरीत. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यज्द व किरमान या भागांतून इराणी आले. त्यांत जरतुश्ती होते, तसेच मुसलमानही होते. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे, तर फोर्टातील यझदानी बेकरी १९५३ सालची. ब्रून पाव, खारी आणि मावा केक यांची गोडी मुंबईकराला लावली ती प्रामुख्याने अशाच दुकानांनी. गिरणीतला कामगार आणि कचेरीतला कारकून एकाच संगमरवरी टेबलाशी बसून चहात पाव बुडवू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आपल्या मोहल्ल्यांतही असाच इतिहास आहे. बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासून चालत आलेल्या ताज आइस्क्रीमचा लाकडी संचा हाताने फिरवला जाई. बर्फ आणि मीठ यांच्या थंडाव्यात दूध गोठवण्याची ही जुनी रीत. मिनारा मशिदीजवळचे सुलेमान उस्मान मिठाईवाले १९३६ चे. रमजानमध्ये तराविहीनंतर मातीच्या भांड्यातील फिरनी आणि गरम मालपुवा खाण्यासाठी तेथे दूरदूरच्या उपनगरांतून लोक येतात, आणि त्या गर्दीत सर्व धर्मांची माणसे असतात. आणि गंमत अशी की, मालपुव्याची वंशावळ वेदांतील 'अपूपा'पर्यंत नेली जाते. एकीकडे जिलेबी बगदादची वाट चालून मराठी पंगतीत बसली, दुसरीकडे अपूप मोहल्ल्यात येऊन मालपुवा झाला! माहीमचा पातळ वड्यांचा हलवा जामनगरहून आलेल्या जोशी कुटुंबाने प्रसिद्ध केला. चिवट, पारदर्शक हलव्याला कोणी बॉम्बे हलवा म्हणतो, कोणी कराची हलवा. १९४७ मध्ये देशाचे दोन भाग झाले, परंतु हलव्याने दोन्ही शहरांची नावे सोडली नाहीत.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. आलेल्यांपैकी बहुतेकांजवळ भांडवल थोडे होते. हुन्नर मात्र हातात होता. तो शाळेत शिकवला गेला नाही. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे उस्ताद अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पाहतो आणि शागीर्द ते पाहून शिकतो. आज मुंबईच्या बेकऱ्यांत रात्रभर पीठ मळणारे कितीतरी कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. भट्टीजवळच राहायचे, भट्टीजवळच निजायचे आणि गावी पैसे पाठवायचे. दुकानावर मालकाचे नाव असते. कारागिराचे नाव कोठेच नसते.

आणि आता काळही बदलत आहे. हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळशावरील बेकऱ्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळवण्याच्या दृष्टीने प्रशासनाला निर्देश दिले. बेकरीवाल्यांनी खर्चाची आणि चवीची चिंता बोलून दाखवली. ती चिंता खोटी नाही. परंतु धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? भट्टीपुढे उभ्या असलेल्या त्याच कारागिराच्या. म्हणून जुने ते सारे टिकावे असा आग्रह येथे नाही. जे जाणार आहे, त्याची नोंद तरी राहावी, एवढेच म्हणणे आहे.

आपल्यापैकी कित्येक पालकांचे वाडवडील याच धंद्यांत होते. आपला मुलगा भट्टीपाशी न बसता शिकावा, असे त्यांना वाटले आणि ते योग्यच होते. परंतु शिकलेल्या मुलाने भट्टीला विसरावे असे त्यांनी कधी म्हटले नव्हते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. आपल्या मोहल्ल्यातील सर्वांत जुन्या मिठाईवाल्याकडे किंवा बेकरीत वही घेऊन जा. दुकान कोणी काढले, कोठून आले, पहिला पदार्थ कोणता, उस्ताद कोण, शागीर्द कोण, हे अदबीने विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. घरात आजोबा किंवा नानीजान असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. गोडे यांना जिलेबीचा इतिहास सापडला, कारण पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी तिचे नाव लिहून ठेवले होते. आपल्या कारागिरांची नावे पुढच्या पिढीला सापडावीत असे वाटत असेल, तर ती आज आपणच लिहिली पाहिजेत.