नक्कलनविसाची लेखणी

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव नामदेवांचें म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ येथें त्यांस विसोबा खेचरांचा उपदेश झाला, असें परंपरा सांगते. नामदेवांनीं १३५० सालीं देह ठेविला. त्यानंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं, १६०४ सालीं, गुरु अर्जुनदेवांनीं शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. आज त्या ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि ग्रंथाची ती पहिली प्रत ज्या हातानें लिहिली गेली तो हात भाई गुरदासांचा होता. मधल्या अवधींत हीं पदें जिवंत राहिलीं तीं गाणाऱ्यांच्या कंठामुळें आणि लिहिणाऱ्यांच्या बोरूमुळें. गाणाऱ्यांचा गौरव पुष्कळ झाला. लिहिणाऱ्याचें नांव पोथीच्या शेवटच्या पानावर आढळलें तर आढळलें.

ज्ञानेश्वरीचा लेखक सच्चिदानंदबाबा या बाबतींत भाग्यवान म्हणावयाचा. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, मधील त्याचें नांव ग्रंथाच्या अखेरीस गोंविलेलें आहे. पुढें मात्र नकलेवरून नक्कल होत गेली आणि पाठ बिघडत गेले. कोणाचें अक्षर चुकलें. कोणास जुना शब्द कळेना म्हणून त्यानें आपला शब्द घातला. कोणी तर ओवीच रचून दिली. शके १५०६ मध्यें पैठणास एकनाथांनीं ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढें कोणी आपली ओवी त्यांत मिसळूं नये, अशी सक्त ताकीद दिली. त्यांचा रोष विसराळू नक्कलनविसापेक्षां हुशार नक्कलनविसावर अधिक होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पोथ्या बालबोधींत लिहीत. व्यवहार मोडींत चाले. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरींच असे. मराठवाड्यांत त्यास पटवारी म्हणत. घरबसल्या लेखणीवर पोट भरणें ही कांहीं आजची कल्पना नव्हे. ओसरीवर बैठक, शेजारीं कलमदान, रुमालांत बांधलेले कागद आणि कोपऱ्यांत कित्ता गिरविणारा मुलगा, एवढ्यावर तो संसार उभा असे. मोडी ही घाईची लिपि. आधीं पानभर आडव्या रेघा ओढावयाच्या, मग त्यांखालीं शक्यतों हात न उचलतां अक्षरें लिहीत जावयाचें. शब्दांमध्यें जागा नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. ‘सुत’ म्हणजे पुत्र कीं ‘सूत’ म्हणजे धागा, याचा निकाल अक्षरावरून लागत नाहीं; संदर्भ पाहावा लागतो.

१८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं मराठी पंचांग छापलें. छापखाने वाढले तसा पोथ्या उतरविणाऱ्यांचा धंदा बसला. मोडी त्यानंतरही टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेंत शिकवीत. मग ती गेली आणि एका पिढींत घरचे कागद घरच्यांसच परके झाले. वाचणारे उरले ते मुख्यतः संशोधक. राजवाड्यांनीं १८९८ पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचे २२ खंड, किंवा सरदेसायांच्या देखरेखीखालीं निघालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग, हें बव्हंशीं मोडीचें बालबोध करण्याचेंच काम. तें करणारे बहुतेक हात निनावीच राहिले.

२०२३ सालीं फांसा उलटा पडला. मराठवाड्यांतील मराठा कुटुंबांच्या पूर्वजांच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. त्यामुळें कागद कांहीं उर्दूंत, कांहीं फारसींत, कांहीं मोडींत. जुने रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा एकाएकीं जाणवूं लागला. मागणीच्या न्यायान्यायाचा वाद निराळा. परंतु मृत म्हणून सोडून दिलेल्या लिपींतील एका शब्दावर मुलाचा दाखला, कॉलेजांतील जागा आणि पुढची नोकरी अवलंबून राहिली, एवढें खरें. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांत हौसेनें मोडी शिकलेल्यांस आपली विद्या चार पैसे देते असा अनुभव येऊं लागला. कागदाचें छायाचित्र मोबाइलवर येतें, वाचक घरीं बसून त्याचें बालबोध करून पाठवितो. पटवाऱ्याची ओसरी जणूं परत आली.

तोंच यंत्रही दारांत आलें. रुडकीच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनीं २०२५ सालीं मोडी कागदांच्या २,०४३ चित्रांचा, त्यांच्या देवनागरी वाचनासह, संग्रह पुढें मांडला आणि त्यावरून मोडी वाचणारी संगणकप्रणाली सिद्ध केली. लक्षावधि कागद वर्षानुवर्षें पडून राहण्यापेक्षां यंत्रानें चाळले जावेत, यांत कोणा सुज्ञाचें दुमत असणार नाहीं. पण अशा यंत्रांची चूक कोणत्या जातीची असते तें पाहावें. अक्षर लागलें नाहीं म्हणजे मनुष्य अडतो. यंत्र बहुधा अडत नाहीं. तें तेथें एखादा सुबक, शोभेलसा शब्द बसवून पुढें जातें. एकनाथांनीं ज्याला ताकीद दिली तो हाच हुशार नक्कलनवीस.

इंग्रजी वैद्यकीय लेखनाच्या धंद्यांत हें आधींच घडून गेलें आहे. डॉक्टरांचें ध्वनिमुद्रित बोलणें ऐकून लिहिणाऱ्या कित्येकांच्या हातीं आतां यंत्राचा कच्चा मसुदा सुधारण्याचें काम उरलें आहे. मोडीवाचकाचेंही तेंच होईल, असा रंग दिसतो. हें तपासणीचें काम हलकें समजून त्याचा मोबदला उतरविणें मात्र गैर होईल, कारण सुबक चूक शोधण्यास मूळ कागद पुन्हां अक्षरशः वाचावाच लागतो.

वसमत, कळमनुरी, सेनगांव या बाजूच्या खेड्यांचीं नांवें लहानपणापासून ज्याच्या कानांवर आहेत, त्याला पुसट गांव अर्ध्या अक्षरावरून ओळखूं येतें. तरीही चांगला वाचक खात्री नसेल तेथें टिंबें देतो, ओळीमागून ओळ मूळ कागदाशीं ताडतो आणि प्रतीखालीं आपलें नांव लिहून सही करितो. यंत्रानें वाचलेल्या प्रतीखालीं ती सही कोणी करावयाची, हें अद्याप ठरावयाचें आहे.