तारेच्या कुंपणातला कादंबरीकार

वेरूळच्या लेण्यांकडे विदेशी लेखक पूर्वीपासून ओढले गेले आहेत; कॅप्टन सीलीने तर १८२४ मध्ये त्यांवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. असा पाहुणा म्हणून आलेला लेखक आपल्या अभ्यासात सहज येतो. परंतु याच मुलुखाच्या शेजारी, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि देवळाली येथे, दुसऱ्या महायुद्धात अनेक जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक स्थानबद्ध होते, याचा आपल्याला विसर पडतो. त्या काळात ब्रिटिशांच्या छावण्यांत अडकलेल्यांपैकी एक होता व्हिएन्नाचा वाल्टर आयडलिट्झ.

१८९२ मध्ये जन्मलेला आयडलिट्झ कवी, नाटककार आणि कादंबरीकार म्हणून जर्मन वाचकांना परिचित होता. 'त्सोडियाक' ही त्याची कादंबरी १९३० ची. १९३८ मध्ये तो आध्यात्मिक ओढीने भारतात आला. त्याच वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. परिणामी, १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच तो ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. ज्या राजवटीने त्याचा देश संपवला, तिचाच माणूस समजून त्याला कोंडण्यात आले. छावण्यांत नाझी होते, नाझीविरोधकही होते. कुंपण मात्र दोघांनाही लागू होते.

१९४१ मध्ये देवळालीची छावणी डेहराडूनला हलली. तेथून १९४४ मध्ये हाइनरिख हारर निसटला आणि तिबेटवरील पुस्तकाने जगप्रसिद्ध झाला. आयडलिट्झची वाट निराळी होती. त्याला स्थानबद्धतेतच स्वामी सदानंद दास हे गुरू भेटले. तेही मूळचे जर्मन, आणि गौडीय वैष्णव परंपरेत दीक्षित. भारतीय भक्तीचे शास्त्र एका युरोपीय कैद्याने दुसऱ्याला भारतीय भूमीवर, परंतु भारतीय समाजापासून तोडलेल्या अवस्थेत शिकवावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, आयडलिट्झ स्वीडनला गेला. १९५१ मध्ये 'भक्त' हे त्याचे पुस्तक आले. ते कादंबरी नव्हते, आत्मकथन होते. पुढे १९६८ मध्ये त्याने चैतन्य महाप्रभूंवर विस्तृत ग्रंथ सिद्ध केला.

बंदिवास साहित्याला पोषक असतो, असे आपण सहज म्हणून जातो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. नेहरूंनी भारताचा शोध १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात घेतला. परंतु या दोघांनी तुरुंग पत्करला होता. त्यामागे त्यांचा लढा आणि त्यांचा समाज उभा होता. आयडलिट्झपाशी यांपैकी काहीच नव्हते. बंदिवासाने त्याला गुरू दिला, विषय दिला. पण ललित लेखक म्हणून त्याची वाट तेथेच वळली. या देवाणघेवाणीचा हिशेब मांडताना आपण केवळ लाभाची बाजू वाचू नये, असे आम्हांला वाटते. त्याला जे सापडले ते त्याचे स्वतःचे होते. त्याची हिरावलेली वर्षे मात्र कुंपण घालणाऱ्यांच्याच खाती लिहिली पाहिजेत.