ग्रंथपाल, कुमार वाचक आणि अंतर

कुवेत शहराच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, सौदी अरेबियाच्या सीमेलगत वसलेला वफ्रा हा परिसर शेतमळे आणि खनिज तेल या दोन गोष्टींसाठी ओळखला जातो, आणि ग्रंथालयांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा त्याच्याकडे जात नाही. तरीही ग्रंथालय म्हणजे इमारत की माणूस, हा प्रश्न शहराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या वाचनालयापेक्षा अशा टोकाच्या वस्तीच्या संदर्भात अधिक स्पष्टपणे उभा राहतो. कारण जिथे कपाट हाताशी नसते तिथे पुस्तक कोणीतरी न्यावे लागते, आणि ते कोणासाठी नेत आहोत हे नेणाऱ्याला ठाऊक असावे लागते. ग्रंथपाल आणि तेरा ते एकोणीस वर्षांचे वाचक यांनी आपण सध्या काय वाचत आहोत हे एकमेकांना सांगण्याची जी प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली, तिचा मराठी भाषकांपुरता इतिहास हा अंतर कापण्याचाच इतिहास आहे.

अरबीत ‘वफ्रा’ या शब्दाचा अर्थ विपुलता असा होतो. 1922 च्या उकैर करारात कुवेत आणि नज्द (म्हणजे पुढचे सौदी राज्य) यांच्यात सीमा आखताना मधला एक पट्टा दोघांच्या समाईक हक्काचा ठेवण्यात आला. त्याला तटस्थ प्रदेश म्हणत, आणि वफ्रा त्याच पट्ट्यात येते. 1953 मध्ये येथे तेल सापडले, 1965 च्या करारानुसार पुढे प्रदेशाची वाटणी झाली, परंतु जमिनीखालचे तेल दोन्ही देशांच्या समाईक मालकीचे राहिले. तेलाच्या शेजारीच भूजलावर पोसलेले भाजीपाल्याचे मळे वाढले, आणि उत्तरेकडील अब्दलीप्रमाणेच वफ्रा हे कुवेतच्या शेतीचे प्रमुख क्षेत्र ठरले. कुवेतमधील भारतीय कुटुंबांची दाट वस्ती मात्र साल्मिया, अब्बासिया, फहाहील, मंगफ अशा उत्तरेकडील नागरी भागांत आहे, आणि भारतीय शाळाही तिथेच आहेत. वफ्रा भागात राहून काम करणाऱ्याच्या दृष्टीने शाळा, दुकान आणि वाचनालय या तिन्ही गोष्टी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असतात.

कुवेतच्या आधुनिक शिक्षणाचा आणि मुंबईचा संबंध तेलापेक्षा जुना आहे. मोती आणि खजूर घेऊन येणारी कुवेती गलबते मुंबई बंदरात नित्याची होती, कुवेतच्या बाजारात 1961 पर्यंत रुपयाच चालत होता, आणि 1911 मध्ये मुबारकिया ही कुवेतमधील पहिली आधुनिक शाळा उघडली तेव्हा तिच्यासाठी जमलेल्या निधीत मुंबईत व्यापार करणाऱ्या अल्-इब्राहीम घराण्याचा वाटा मोठा होता. 1923 मध्ये तेथील व्यापारी आणि सुशिक्षित तरुण यांनी पुढाकार घेऊन ‘अल्-मक्तबा अल्-अहलिया’, म्हणजे लोकांनी चालवलेले ग्रंथालय, सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी तरुणांचे साहित्यमंडळ निघाले. कुवेती समाजात दिवाणिया नावाची बैठकीची खोली असते, जिथे संध्याकाळी पुरुषमंडळी जमून वर्तमानपत्रापासून काव्यापर्यंत सगळ्यावर बोलतात. 1958 पासून निघणारे ‘अल्-अरबी’ हे मासिक संपूर्ण अरब जगात वाचले गेले, आणि 1986 मध्ये त्याची मुलांसाठीची आवृत्ती आली. वाचलेल्याविषयी बोलणे येथे परके नव्हते; परंतु दिवाणियातील बोलणे मोठ्यांचे असे आणि मुलाने ते ऐकायचे असे.

ऐकण्याऐवजी मुलाने स्वतः सांगावे आणि ग्रंथपालाने ऐकावे, ही कल्पना अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत आकाराला आली. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स यांनी 1910 च्या दशकाअखेरीपासून शाळांशी संबंध जोडून किशोरवयीन वाचकांसाठी स्वतंत्र सेवा उभी केली, आणि 1929 पासून त्या ग्रंथालयाची कुमारवयीनांसाठीची पुस्तकसूची दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागली. बाल्टिमोरच्या एनॉक प्रॅट ग्रंथालयातील मार्गारेट एडवर्ड्स यांनी 1940 च्या दशकात घोडागाडीतून पुस्तके वस्त्यांमध्ये नेली. परंतु त्यांचे खरे योगदान गाडीत नव्हते. किशोरांशी बोलण्याआधी ग्रंथपालाने स्वतः शेकडो पुस्तके वाचून त्यांविषयी बोलून दाखवले पाहिजे, अशी अट त्यांनी आपल्या सहायकांना घातली होती. आपण न वाचलेले पुस्तक दुसऱ्याला वाचायला सांगणे हे उपदेश करणे होय, आणि वाचलेले पुस्तक पुढे करणे ही भागीदारी होय. या भेदावर त्यांची सारी पद्धत उभी होती, आणि हा भेद आजही पुरेसा ओळखला जात नाही.

महाराष्ट्रातील जुनी वाचनालये या अर्थाने मुलांसाठी नव्हतीच. 1828 मध्ये रत्नागिरीत, 1840 मध्ये नाशिकला, 1848 मध्ये पुण्यात आणि 1850 मध्ये कोल्हापुरात जी वाचनालये निघाली, ती इंग्रज अधिकारी आणि नवशिक्षित प्रौढ यांच्या पुढाकाराने निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) यांनी मराठी ग्रंथ जपण्याचे अतिशय मोलाचे काम केले, पण जपणूक हा त्यांचा मूळ हेतू होता. पुस्तके कुलूपबंद कपाटात राहत, वाचकाने सूची पाहून चिठ्ठी द्यावी आणि शिपायाने पुस्तक काढून आणावे, अशी पद्धत सर्वत्र होती. तिला बंद कपाट पद्धती म्हणतात, आणि वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाताळावे या पद्धतीला मुक्तद्वार पद्धती म्हणतात. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय हवे याचे नाव अनेकदा ठाऊक नसते, ते पुस्तक हातात आल्यावरच कळते. बंद कपाटासमोर तो चिठ्ठीवर काय लिहिणार, याचा विचार त्या काळी फारसा झाला नाही.

तो विचार प्रथम व्यवस्थेच्या पातळीवर झाला बडोद्यात. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धती आली, मुलांसाठी पुस्तके आणि खेळ एकत्र असलेली स्वतंत्र खोली आली, आणि 1912 पासून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही छापला जाऊ लागला. या सगळ्यात ‘फिरते ग्रंथालय’ अधिक लक्ष देण्याजोगे आहे: निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी ग्रंथालय नसलेल्या गावी जायची, तेथील शिक्षक किंवा कोणी जबाबदार गृहस्थ ती उघडून वाटप करायचा, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती परत येऊन दुसरी जायची. पेटीत सगळे ज्ञान मावत नाही, म्हणून ती भरणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवड करायची तर वाचक कोण आहे हे विचारावे लागते. मोठ्या ग्रंथालयाला हा प्रश्न टाळता येतो, पेटीला टाळता येत नाही. 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतही प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा ही दोन सूत्रे आहेत, आणि त्याच वर्षी तमिळ प्रदेशातील मन्नारगुडी भागात बैलगाडीतून पुस्तके गावोगावी जाऊ लागली.

मराठीत या वयाला नेमके काय म्हणावे, याचाच निर्णय व्हायला बराच काळ गेला. ‘बाल’ आणि ‘प्रौढ’ हे दोन शब्द जुने; मधल्या वयासाठी ‘कुमार’ आणि ‘किशोर’ हे संस्कृत शब्द होते, परंतु ग्रंथसूचीत त्यांना जागा नव्हती. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (1881) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (1906) यांनी मुलांसाठी मासिकाची वाट घातली. भा. रा. भागवतांनी 1951 मध्ये ‘बालमित्र’ सुरू केले, ज्यूल व्हर्नची साहसे मराठीत आणली आणि पुढे फुरसुंगीचा फास्टर फेणे उभा केला, तेव्हा सायकलवरून हिंडणारा, स्वतःच्या बुद्धीने संकटातून सुटणारा नायक मराठी कुमारांना स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या रस्त्यांवर भेटला. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते, आणि त्याच्या नावातच मधल्या वयाला अखेर स्थान मिळाले. ज्या मुलाच्या गावी ग्रंथपाल नव्हता त्याच्यासाठी मासिकाचा संपादक हाच ग्रंथपाल झाला, आणि कोणती गोष्ट आवडली हे पत्राने कळवण्याची जी सवय या मासिकांनी लावली, तीच मराठीत वाचलेल्याविषयी एकमेकांना सांगण्याची पहिली रीत होय. या परंपरेचे ऋण ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच मान्य केले जाते, हे खेदजनक आहे.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदानाची रीतसर व्यवस्था केली, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत बसणारी हजारो वाचनालये राज्यभर उभी राहिली. परंतु त्यांतील कर्मचाऱ्यांचे वेतन इतके तुटपुंजे राहिले की वेतनश्रेणीची मागणी दशकानुदशके चालू आहे. देवघेवीच्या नोंदीत दिवस संपणाऱ्या माणसाने मुलांशी बोलण्यासाठी वेगळे वाचावे, ही अपेक्षा करताना व्यवस्थेने त्याला काय दिले हेही पाहायला हवे.

पेटीची कल्पना नव्या रूपात परतली ती नाशिकमधून. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेची सुरुवात विनायक रानडे यांनी 2009 मध्ये केली. देणगीदारांच्या मदतीने पुस्तकांच्या पेट्या तयार होतात, प्रत्येक पेटी परिसरातील काही कुटुंबांच्या गटाला दिली जाते, एक समन्वयक ती आपल्या घरी ठेवतो, आणि काही महिन्यांनी दोन गट आपसांत पेट्या बदलतात. ना वर्गणी, ना इमारत. बडोद्याच्या पेटीमागे संस्थानचा खजिना होता, या पेटीमागे वाचकांचा परस्परविश्वास आहे. ही योजना महाराष्ट्राबाहेर आणि पुढे दुबईसह परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत गेली, आणि मुलांसाठीच्या वेगळ्या पेट्याही त्यात आल्या. समन्वयक हा प्रशिक्षित ग्रंथपाल नसतो, पण एडवर्ड्स यांनी घातलेली अट तो नकळत पाळतो, कारण पेटी त्याच्याच दिवाणखान्यात असते आणि तिच्यातले पुस्तक त्याने अनेकदा स्वतः वाचलेले असते. शेजारची दहावीतली मुलगी पुस्तक परत करायला येते तेव्हा तिच्याशी काय बोलावे हे त्याला शोधावे लागत नाही.

आखातातील मराठी कुटुंबांच्या वाट्याला पुस्तकांबाबत एक वेगळी अनिश्चितता आलेली आहे. 1946 मध्ये कुवेतमधून तेलाची पहिली निर्यात झाली त्या काळात कुवेत ऑइल कंपनीने मुंबईतून कारकून आणि कारागीर भरती केले, आणि तेव्हापासून वाढत गेलेली भारतीयांची वस्ती आज सुमारे दहा लाखांची आहे. परंतु येथील वास्तव्य नोकरीच्या कराराइतकेच टिकते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत व्यापले तेव्हा सुमारे 1,70,000 भारतीय हाती येईल तेवढे सामान घेऊन मायदेशी परतले, आणि त्या कब्जाच्या काळात कुवेतमधील ग्रंथालयांचीही लूट झाली. विमानात नेता येणाऱ्या सामानाच्या वजनाची मर्यादा शांततेच्या काळातही असतेच, आणि सुटीहून परतताना मसाला, लोणचे, औषधे यांच्यामध्ये दोन-चार मराठी पुस्तकांना जागा करावी लागते. अशा घरातील मूल शाळेत इंग्रजी वाचते, रस्त्यावर अरबी पाट्या पाहते, आणि मराठी ऐकते पण फारशी वाचत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी ही दरी सर्वांत रुंद होते, कारण बोलीभाषा घरगुती विषयांपुरती उरते आणि मनात येणाऱ्या नव्या विचारांना शब्द दुसऱ्या भाषेतून मिळू लागतात.

म्हणूनच अशा मुलाला ‘सध्या काय वाचतोस?’ असे विचारताना उत्तर मराठी पुस्तकाचेच असावे, असा हट्ट विचारणाऱ्याने धरू नये. त्याने इंग्रजी कादंबरीचे नाव सांगितले तर तिच्याविषयी मराठीत बोलता येते, आणि मराठी टिकण्यासाठी ते बोलणेही तितकेच उपयोगी असते. त्यानंतर त्याच विषयावरचे मराठी पुस्तक पुढे केले तर ते शिक्षा वाटत नाही. कुवेतमध्ये शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस साप्ताहिक सुटी असते, आणि महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, नाटकाची तालीम, गणपतीची तयारी हे सारे याच दोन दिवसांत साधावे लागते. वफ्राच्या मळ्यांतून भाजी घेऊन निघालेल्या गाड्या रोज ज्या रस्त्याने शहराकडे जातात, त्याच रस्त्याने परत येताना त्यांत पंचवीस-तीस पुस्तकांची एक पेटी सहज मावते.