ट्रस्टींच्या संमतीनं

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीनं गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि ट्रस्टींत स्नेही बाळ गंगाधर टिळकांचं नाव घातलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते, सुटून तीनच दिवस झाले होते. स्वतःचं उद्या काय होईल हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर बाबा महाराजांनी आपला वाडा, इस्टेट आणि गरोदर पत्नी ताई महाराज सोपवली.

आमच्या आजोबांनी ही हकीकत त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. सांगताना ते इथे थांबत, अडकित्ता खाली ठेवत आणि म्हणत, "मरणाऱ्या मित्राला नाही म्हणवलं नाही, ते अठरा वर्षं निस्तरत बसले!"

मृत्युपत्रातली मेख दत्तकाच्या कलमात होती. मुलगा झाला नाही किंवा होऊन गेला, तर ताई महाराजांनी दत्तक घ्यावा. पण ट्रस्टींच्या संमतीनं. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. टिळक मधल्या काळात शिक्षा भोगून आले. इस्टेटीवर कर्ज होतं, म्हणून ट्रस्टींनी खर्चाला कात्री लावली. तिथून वाड्यात धुसफुस सुरू झाली. जून १९०१ मध्ये टिळक, दुसरे ट्रस्टी दादासाहेब खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादेला गेले आणि तिथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढच्याच महिन्यात ताई महाराजांनी ट्रस्टींचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मंजुरी, रद्द करण्यासाठी कोर्टात अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दुसराच दत्तक घेतला. एक ट्रस्टीही त्यांच्या बाजूला गेला.

पुढचं आजोबांना तारीखवार पाठ होतं. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केलं आणि वर टिळकांवरच खोट्या साक्षीचा खटला भरायला लावला. १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी, अपिलात तिचे सहा महिने, आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टातून निर्दोष सुटका. दत्तकाचा दिवाणी दावा निराळा चालू होता. १९०६ मध्ये खालच्या कोर्टानं औरंगाबादचा दत्तक उचलून धरला, १९१० मध्ये हायकोर्टानं फिरवला. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं जगन्नाथाचा दत्तक कायम केला. इथे आजोबा पुन्हा अडकित्ता उचलत. त्यांच्या लेखी गोष्ट संपलेली असे.

आजीच्या लेखी नसे. "निकाल लागला तेव्हा ताई महाराज होत्या का?" ती आतून विचारायची. नव्हत्या. त्या १९०३ मध्येच गेल्या होत्या. "कोवळं वय, नवरा गेला, तान्हं गेलं. स्वतःच्या घरात किती खर्चायचं ते परके पुरुष सांगणार आणि मांडीवर कोणाला घ्यायचं तेही त्यांना विचारून ठरवणार. तुमचे टिळक खरे असतील हो, पण तिला कोणी कधी वही उघडून दाखवली होती का?"

आजोबांकडे याला उत्तर नसायचं. लहानपणी मला हा आजीचा हट्ट वाटे. आजोबा गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रात थोरल्या काकांचं नाव एक्झिक्युटर म्हणून निघालं, तेव्हा तो हट्ट नव्हता हे कळलं.

सदाशिव पेठेतलं घर, भोरकडची थोडी जमीन आणि बँकेतल्या ठेवी, एवढाच पसारा. पण काकांनी कपाटाची किल्ली कमरेला लावली ती लावलीच. आत्यानं वर्षभरानं विचारलं, "दादा, ठेवींचं काय झालं?" तर काका उखडले. "अण्णांनी विश्वास माझ्यावर टाकला. तू कोण हिशेब मागणार?" मग दिवाळीचं येणंजाणं थांबलं, लग्नातल्या पंगती वेगळ्या झाल्या आणि एक दिवस आत्याची वकिलाची नोटीस आली.

काकांच्या वकिलानंच त्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा समजावला. इस्टेट एक्झिक्युटरच्या हाती येते, पण ती त्याची होत नाही. आधी अंत्यविधीचा खर्च, मग देणी, मग ज्याचं त्याला. प्रोबेट घेतलं असेल, तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च कोर्टात द्यायचा. त्याच्या हयगयीनं नुकसान झालं, तर पदरचं भरायचं. काका मान खाली घालून ऐकत होते. विश्वासाच्या माणसाला कायदा हिशेबातून सूट देत नाही, हे त्यांना नवीन होतं.

वही अखेर आत्याच्या समोर आली. तिच्यात एका पैशाचाही घोळ नव्हता. उलट घरपट्टी आणि कौलांच्या डागडुजीसाठी काकांनी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे घातले होते आणि ते कोणाला सांगितलेही नव्हते. आत्या वाचत गेली तशी तिचा राग वाढतच गेला. "म्हणजे तू खरा होतास, आणि तरी मला दोन वर्षं तुला चोर समजायला लावलंस!"

मला आजीचा प्रश्न तेव्हा उलगडला. टिळकांचा खरेपणा प्रिव्ही कौन्सिलनं मान्य केला, काकांचा वहीनं. पण मृताची इच्छा ज्यांच्या जगण्यावर चालवायची, त्या माणसांना दोन्हीकडे बाहेर ठेवलं गेलं होतं. एक्झिक्युटरला नेमणारा तर निघून गेलेला असतो, शाबासकी द्यायला तो येत नाही. उरतात ती ज्यांनी नेमलं नाही ती माणसं, आणि उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

आता आत्यानं तिचं मृत्युपत्र केलंय. एक्झिक्युटर मी. दर सहा महिन्यांनी जमाखर्चाची प्रत सगळ्या भाचरांना पाठवायची, कोणी मागितली नाही तरी, असं कलम तिनं वकिलाकडून घालून घेतलं. वकिलानं सुचवलं होतं की धाकट्या भाचीचे पैसे एक्झिक्युटरच्या संमतीनं मिळतील असं लिहू, पोर उधळी आहे. आत्यानं ते वाक्य खोडायला लावलं. "तिचे आहेत, ती उधळेल," म्हणाली.