स्मृतीचे मोल : देवनागरी आणि ग्राफिक्स कार्ड

संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना आपण प्रथम वेग पाहतो आणि त्यावरील स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, विचार मागाहून करतो. मध्यम किमतीच्या कार्डांविषयी हल्ली जो वाद चालतो, त्याचे मूळ या क्रमात आहे. कार्डावर किती स्मृती द्यावयाची हे बहुसंख्य ग्राहकांची गरज पाहून ठरत आले. ज्याची गरज निराळी, त्यास ती उणीव स्वतः भरून काढावी लागली. देवनागरीने हा अनुभव एकदा घेतला आहे. तो इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

1981 साली आय.बी.एम.ने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी दोन कार्डे मिळत. एकरंगी कार्डावर 4 किलोबाइट स्मृती होती. पडद्यावर 80 स्तंभ व 25 ओळी मिळून 2000 स्थाने आणि प्रत्येक स्थानास 2 बाइट, असा तो 4000 बाइटांचा हिशेब होता. त्या स्मृतीत अक्षराची आकृती नसे, केवळ तिचा क्रमांक असे; आकृत्या 256 आणि त्याही कारखान्यातच कायम केलेल्या. रोमन लिपीस एवढे पुरे होते. देवनागरीत जोडाक्षरे शेकडो, रफार व मात्रा शिरोरेखेच्या वर, उकार खाली. हा पसारा त्या चौकटीत मावणे शक्य नव्हते. रंगीत कार्डावर 16 किलोबाइट स्मृती होती. तीत 640 गुणिले 200 बिंदूंचे चित्र मावे, पण दोनच रंगांत. चार रंग हवे असल्यास आडवे बिंदू निम्मे करावे लागत.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती रोमनेतर लिपीच्या गरजेनेच. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता. त्यासाठी त्यांनी 1982 साली जे कार्ड सिद्ध केले, ते ‘हर्क्युलीस’ या नावाने जगभर खपले. त्यावर 64 किलोबाइट स्मृती होती आणि 720 गुणिले 348 बिंदूंचे चित्र त्यात दोनदा मावे. भारतात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभलेले भारतीय लिप्यांचे काम पुढे 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींतही भारतीय लिप्या उमटत. यंत्राची मूळ किंमत दोघांना सारखीच; परंतु मराठीत काम करणाऱ्यास आणखी एक कार्ड विकत घ्यावे लागे, हे लक्षात ठेवावयास हवे.

आता वर्तमानाकडे वळू. 2016 साली ए.एम.डी.चे आर.एक्स. 480 हे कार्ड 8 गिगाबाइट स्मृतीसह 239 डॉलर या घोषित किमतीस आले. 2023 साली एनव्हिडियाचे आर.टी.एक्स. 4060 हे 299 डॉलरांचे कार्ड आले, तेव्हाही स्मृती 8 गिगाबाइटच होती. गणनशक्ती दरम्यान कितीतरी वाढली होती. 2025 च्या आर.टी.एक्स. 5060 टी.आय.चे दोन प्रकार निघाले : 8 गिगाबाइटचा 379 डॉलरांस आणि 16 गिगाबाइटचा 429 डॉलरांस. पन्नास डॉलरांचा हा फरक पाहता ही मर्यादा तंत्राची कमी व व्यापाराची अधिक दिसते. साध्या खेळांस 8 गिगाबाइट अनेकदा पुरतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र काम त्याबाहेर गेले की सामग्री संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते आणि विकत घेतलेला वेग वाया जातो.

संशोधकासाठी ही गोष्ट अधिक गंभीर आहे. 7 अब्ज घटकांचे भाषा-प्रतिमान, प्रत्येक घटकास 2 बाइट धरल्यास, 14 गिगाबाइट जागा घेते. 8 गिगाबाइटच्या कार्डावर ते चालवावयाचे तर घटकांची अचूकता कमी करावी लागते. शिवाय ‘मराठी’ या शब्दास जुन्या इस्की संकेतात 5 बाइट लागत, आजच्या यू.टी.एफ.-8 संकेतात 15 लागतात. इंग्रजी प्रधान मानून घडविलेली प्रतिमाने मराठी शब्दाचे तुकडेही अधिक पाडतात. म्हणजे तेवढ्याच मजकुरास आपल्याला स्मृती अधिक मोजावी लागते.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हस्तलिखित देवनागरी जोडाक्षरांच्या यांत्रिक ओळखीवर संशोधन झाले आहे. अशा विषयांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा निधी बहुधा मध्यम किमतीच्या एकाच कार्डाइतका असतो. त्याने आपल्या कामास किती स्मृती लागेल याचा हिशेब आधी मांडावा आणि वेग मागाहून पाहावा. कार्ड मंद असेल तर काम उशिरा होईल. स्मृती अपुरी असेल तर कामालाच कात्री लागेल. 4 किलोबाइटच्या काळात जोडाक्षरे बाहेर राहिली होती. या वेळी काय बाहेर राहील, हे पुष्कळसे आपल्या खरेदीच्या निर्णयावर अवलंबून आहे.